पटावर एक मूल

"तुमच्या शाळेत नऊ मुलं नाहीत बाई, एकच आहे," रेनान साहेब म्हणाला. "असं यंत्र म्हणतंय."

कसिल्दा बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. पटांगणात मुलं साहेबाच्या मोटारसायकलभोवती कोंडाळं करून उभी होती. सहावीतला एल्मेर आरशात तोंड वेडंवाकडं करत होता आणि त्याच्या मागून निल्दा टाचा उंचावून त्याच आरशात डोकावायला धडपडत होती. बाईंनी उगाच एकदा मोजून घेतली. नऊच होती.

"बाहेरच आहेत सगळी. मोजून घ्या की."

"मोजली. डोळ्यांना नऊ दिसतात." साहेबाने आपला लॅपटॉप पहिलीच्या बाकावर ठेवला आणि स्वतः गुडघे पोटाशी घेऊन त्याच बाकावर बसला. तिशीचा असेल. एवढ्या उंचीवर आल्यामुळे अजून धापा टाकत होता. "पण हे बघा. नऊ मुलांच्या नऊ रेघा. एकीवर एक बसल्यात. एकाला जे जमलं ते सगळ्यांना त्याच आठवड्यात जमलं. एक जिथे अडला तिथे सगळे अडले, आणि सुटले तेही एकदम. असं कुठे असतं का?"

आता आमच्या कोल्कापांपा गावात असं नसतं तर कसं असतं, हे त्याला विचारायला हवं होतं. पण शिक्षण कचेरीतून आलेल्या माणसाला उलट विचारायची आमच्या डोंगरात रीत नाही. त्याला आधी जेवायला घालतात. बाईंनी तर सकाळीच चुलीपाशी पाळलेले दोन गिनीपिग कापले होते आणि निल्दाची आजी दोनाता शेजारच्या खोलीत ते भाजत बसली होती. लसणाचा वास वर्गात दरवळत होता. बाईंची समजूत अशी की साहेब कौतुक करायला आला आहे.

समजूत उगाच नव्हती. त्याला कारण होतं.

एप्रिलमध्ये खेचरावर लादून एक खोकं आलं होतं. त्यात नऊ टॅबलेट, छतावर बसवायचा सौरपत्रा आणि एक खेळ. खेळात तळ्याकाठी एक कोन्दोर गिधाड बसलेलं असायचं. गणित बरोबर आलं की ते पंख मारून एक खडक वर चढे, आणि चुकलं की धप्पकन पाण्यात पडे. असे शंभर खडक चढले की बर्फाचं शिखर. कसिल्दा बाई एकोणतीस वर्षं त्याच एकशिक्षकी शाळेत मक्याच्या दाण्यांवर आणि वाटाण्यांवर गणित शिकवत होत्या. पण नवं काही दिसलं की नाक मुरडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. खोकं उघडलं तेव्हा मुलांच्या आधी त्यांनीच हात पुसून टॅबलेट उचलला होता.

नियम साधा होता. ज्याचा टॅबलेट त्याने खेळायचं, एकट्याने. पहिला आठवडा वर्गात इतकी शांतता की बाहेर मेंढी खोकली तरी ऐकू यावं. मुलं माना खाली घालून बसत. नऊ वर्षांच्या निल्दाचं गिधाड एका सकाळी चौदा वेळा पाण्यात पडलं. पंधराव्या वेळी तिने टॅबलेट उलटा ठेवला आणि त्यावर डोकं ठेवून रडत बसली. हातचा घेऊन वजाबाकी हे प्रकरण तिच्या डोक्यात तीन वर्षं शिरत नव्हतं. बाईंनी दाणे मांडून, काड्या मोडून, गाणी म्हणून पाहिली होती. आता तेच तिला गिधाडही सांगत होतं, की तुला येत नाही.

मग एका सोमवारी एल्मेर उठला आणि म्हणाला, "आज सगळे निल्दाच्या रानात."

मुलं हसली आणि खरंच उठून निल्दाच्या बाकाभोवती जाऊन बसली. बटाट्याच्या दिवसांत त्यांचे आईबाप जसे जातात तशीच. आमच्याकडे याला ऐनी म्हणतात. दुसरीकडे सावड म्हणतात, इर्जिक म्हणतात. आज सगळे तुझ्या रानात, उद्या सगळे माझ्या. ज्याचं रान त्याने राबणाऱ्यांना खायला घालायचं. दुसऱ्या दिवशी रूफिनाच्या टॅबलेटची पाळी होती, तर तिने न सांगता फडक्यात मूठभर भाजका मका बांधून आणला. नियमही मुलांनीच केले. बोट ठेवायचं ते मालकाने, दुसऱ्याने नाही. आणि मालकाला कळल्याशिवाय बोट ठेवायचं नाही. तोवर बाकीच्यांनी सांगत राहायचं, दाणे मांडून, चित्र काढून, प्रसंगी टपली मारून.

जुलैमध्ये निल्दा फळ्यापाशी आली आणि चार आकडी वजाबाकी करून गेली. हातचा घेताना तिने आकड्यावर एल्मेरसारखी ऐटीत रेघ मारली. बाईंनी तिच्याकडे पाठ करून उगाच फळा पुसला. एकोणतीस वर्षांत त्यांना इतका आनंद फार थोड्या वेळा झाला होता.

गावात रेंज यायची ती फक्त वरच्या कबरस्तानात. बाईंच्या नवऱ्याच्या थडग्यापाशी दोन दांड्या, पलीकडच्या भिंतीवर चार. दर शुक्रवारी बाई नऊही टॅबलेट पाठीवरच्या शालीत बांधून वर जायच्या, भिंतीवर ओळीने मांडायच्या आणि मुलांनी चढलेले खडक खाली शहरात पोचेपर्यंत नवऱ्याशी बोलत बसायच्या. ऑगस्टमध्ये अशाच एका शुक्रवारी कचेरीचा कागद आला. आपल्या शाळेतील एखादा चांगला प्रयोग दहा ओळींत लिहा.

बाईंनी दोन पानं लिहिली. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. पहिलंच वाक्य होतं, "आज सगळे तुझ्या रानात, उद्या सगळे माझ्या." आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर माणूस निदान घाईत पाडून घेतो. बाईंनी तीन संध्याकाळी बसून, दोनदा खाडाखोड करून, नवा कागद घेऊन पाडून घेतला.

तीच दोन पानं साहेबाने आता पिशवीतून काढली.

"हे अक्षर तुमचंच ना?"

"माझंच," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "वाचलंत तुम्ही? आवडलं?"

रेनानने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग पानांकडे. "बाई, कचेरीत याला प्रयोग म्हणत नाहीत. कबुलीजबाब म्हणतात."

"कशाची कबुली?"

"नक्कल केल्याची. मुलांनी एकमेकांचं बघून केलं आणि बाईंनी ते होऊ दिलं."

"बघून नाही केलं. शिकवलं एकमेकांना. एकमेकांच्या रानात गेली मुलं. ऐनी हो, साहेब. तुम्हाला काय सांगायचं, तुमच्या नाकाडोळ्यांवरून तुम्ही डोंगरातलेच दिसता."

"ऐनी काय असतं ते मला माहीत आहे. माझी आजी शेवटपर्यंत करायची." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "यंत्राला माहीत नाही. फॉर्ममध्ये तसा रकाना नाही."

"मग रकाना करा."

"तो राजधानीत करतात. ऐकून घ्या. पट आता यंत्रावरून धरतात. यंत्राच्या हिशेबी तुमचा पट एक. आठाच्या खाली पट गेला की शाळा बंद, डिसेंबरात कुलूप. मुलांनी मग खालच्या शाळेत जायचं."

खालची शाळा म्हणजे उतरायला दोन तास आणि चढायला तीन. मध्ये नदी. निल्दाचा उजवा पाय जन्मापासून आखूड होता. ती खालच्या शाळेत किती दिवस जाईल हे सांगायला ज्योतिषी नको होता. जाणार नव्हती. तिथवर जाणं न जमणारी आणखी चार होती.

"उपाय आहे," रेनान म्हणाला. त्याने दोन छापील कागद काढून बाकावर शेजारी शेजारी ठेवले. "नऊ मुलांचं एक का झालं याचं कारण कागदावर आलं की पट पुन्हा नऊ. कारणं दोनच चालतात. एक, मुलांनी बाईंच्या नकळत नक्कल केली. मग प्रत्येकाच्या नावापुढे तसा शेरा लागतो."

"एल्मेर आणि रूफिना जानेवारीत निवासी शाळेच्या परीक्षेला बसणार आहेत."

"शेरा असला तर बसू देत नाहीत."

"आणि दुसरं?"

"दुसरं, मुलांच्या नावाने बाईच खेळल्या. मग मुलं कोरी राहतात, नोकरी बाईंची जाते."

शेजारच्या खोलीत दोनाता भांडी उगाच मोठ्याने आपटत होती, म्हणजे ती सगळं ऐकत होती. पूर्ण पेन्शनला बाईंचे सात महिने राहिले होते. पण त्या क्षणी त्यांना खरा राग आला तो सात महिन्यांचा नाही. मुलांनी केलेली गोष्ट त्यांच्या उभ्या जन्मातली सगळ्यांत चांगली गोष्ट होती, आणि तिला नाव द्यायला या दोनच शिव्या उपलब्ध होत्या.

"दाखवते तुम्हाला," त्या म्हणाल्या. उठल्या, निल्दाचा टॅबलेट आणला आणि बोट ठेवलं. गिधाड हललं नाही. पुन्हा ठेवलं. दाबलं, घासलं, बोट ओठावर ओलं करून ठेवलं. काही नाही. थंडीने, खडूने आणि बटाट्याच्या मातीने बाईंच्या बोटांची कातडी झिजून चामड्यासारखी गुळगुळीत झाली होती. काचेला ती माणसाची बोटं वाटत नव्हती. "पहिल्या दिवसापासून असंच आहे. मला या गिधाडाला एक खडकसुद्धा चढवता येत नाही. आणि मी नऊ जणांचे शंभर शंभर चढवले, असं लिहू?"

रेनानने ते सगळं पाहिलं होतं. तो खाली बघत म्हणाला, "लिहा."

"तुम्ही पाहिलंत ना आत्ता?"

"पाहिलं. मी जे पाहतो ते कुणी विचारत नाही बाई. कागद विचारतात."

बाईंनी दुसरा कागद ओढला आणि सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य आलं. सहीखाली अंगठा लागतो, म्हणून साहेबाने शाईची डबी उघडली. अंगठा उमटला तो नुसता काळा डाग. एक रेघ म्हणून नाही. दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. तिन्ही डाग सारखेच. शेवटी त्याने त्यातल्या एकाला गोल केला आणि शेजारी लिहिलं, "ठसा ग्राह्य."

मग तो जेवला. भुकेला होता बिचारा. हाडं चोखून खाल्ली आणि दोनाताला म्हणाला, "मावशी, अशी चव खाली शहरात नाही हो मिळत."

"खाली कशालाच चव नसेल," दोनाता म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक बटाटा टाकला.

मोटारसायकल वळणाआड गेल्यावर ती बाईंपाशी येऊन उभी राहिली. दोनाता अक्षरशत्रू, पण गावात कुणाला शहाणं माणूस लागलं तर तिच्याचकडे जायचं. बाईंनी निल्दाला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता म्हणून मांडीवर घेतलं होतं, त्यामुळे दोघींचं नातं विहिणींहून जवळचं.

"एवढं शिकून काय मिळवलंत?" ती म्हणाली. "चांगलं काही घडलं तर ते कचेरीला कळवायचं नसतं, हे माझ्या मेंढ्यांनासुद्धा कळतं."

"मला वाटलं त्यांना आनंद होईल."

"झाला ना. पोटभर जेवून गेला."

"दोनाता, हे गावात बोलायचं नाही. एकाला खरं कळलं की शेरा मुलांच्या कागदावर येईल."

"मी कशाला बोलू? माझं तोंड काय कचेरीचा फॉर्म आहे?"

तिने शब्द पाळला, आणि तेच बाईंच्या अंगावर आलं. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मुखियाने कचेरीचं पत्र खडखड वाचून दाखवलं. शिक्षिका कसिल्दा अंकासी यांनी विद्यार्थ्यांच्या नावे स्वतः खेळ खेळून शासनाची दिशाभूल केल्याचे मान्य केले आहे. मागे कुणीतरी खुदकन हसलं. कुणी म्हणालं, तरीच बाई शुक्रवारी कबरस्तानात तास न् तास बसायच्या, आम्हाला वाटायचं नवऱ्याची आठवण येते. बाई पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्या सभेतल्या निम्म्या माणसांना त्यांनीच अक्षरओळख करून दिली होती. मुलं दारात उभी होती. त्यांना खरं ठाऊक होतं. एल्मेर बोलायला पुढे सरकला तेव्हा बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जागीच थांबला. एकोणतीस वर्षांची जरब शेवटी त्याच्या तोंडाला कुलूप घालायला कामी आली.

शाळा मात्र राहिली. एल्मेर आणि रूफिना निवासी शाळेची परीक्षा पास होऊन खाली गेली. मार्चमध्ये बाईंच्या जागी योमिरा नावाची मुलगी आली. चोवीस वर्षांची, कंत्राटी, मागे दोन धाकटे भाऊ. ती वाईट नव्हती, घाबरलेली होती. तिला सांगून पाठवलं होतं की या शाळेत पूर्वी लबाडी झाली आहे. म्हणून तिने बाकं चारी भिंतींना लावली. प्रत्येक मूल भिंतीकडे तोंड करून, कानात हेडफोन घालून बसायचं. दोन नवी पहिलीत आली होती, त्यामुळे पट पुन्हा नऊ. यंत्रानेही नऊ मान्य केले. नऊ रेघा आता छान वेगवेगळ्या दिसत होत्या. निल्दाची सगळ्यांत खाली.

बाईंचं घर शाळेच्या उतारावरच. त्या बटाटे काढायच्या, लोकर कातायच्या आणि सुट्टीची घंटा झाली की हातातलं काम थांबवायच्या. सवय मोडत नव्हती.

मे महिन्यात एका दुपारी निल्दा आखूड पाय ओढत त्यांच्या रानात आली. बाई सरीत वाकल्या होत्या.

"बाई, आता खेळातसुद्धा ऐनी आलंय."

बाई सरळ झाल्या. "काय आलंय?"

"ऐनी. नवीन बटण आहे. दाबलं की पाटी येते." निल्दाने पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं, "आज सगळे तुझ्या रानात, उद्या सगळे माझ्या."

बाईंनी हातातला बटाटा पोत्यात टाकला. त्यांचं वाक्य. दोनदा खाडाखोड करून, तिसऱ्या संध्याकाळी जमलेलं. दोन पानांचा कबुलीजबाब राजधानीत कुणीतरी शांतपणे वाचला होता आणि त्यातलं कामाचं तेवढं काढून घेतलं होतं. रकाना झाला होता शेवटी.

"मग बरंच झालं की," त्या म्हणाल्या. "कोण येतं तुझ्या रानात? शेजारच्या बाकावरचा तोमास येतो?"

"तोमास नाही. शेजारच्याला विचारायचं नाही, मान वळवली की नव्या बाई रागावतात. टॅबलेट वर रेंजमध्ये नेऊन आणले की यंत्रच कुणीतरी शोधून देतं. काल के-चारशे सतरा नावाचा एक होता. त्याने तीन खडक चढवून दिले."

"चढवून दिले? आणि तुला कळलं का, कसे चढवले ते?"

निल्दाने मान हलवली. "विचारायला जागा नाही. तो निघून जातो."

"कुठला आहे तो?"

"लिहिलेलं नसतं."

बोलता बोलता तिने कमरेचं फडकं सोडलं. आत भाजका मका होता, अजून कोमट.

"आजीने भाजून दिला. रान माझं होतं ना, मग मला द्यायला हवा." ती बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिली. तीन वर्षं हातच्याची वजाबाकी विचारताना पाहायची तशीच. "त्याला कसा द्यायचा, बाई?"

बाईंना एकोणतीस वर्षांत मुलांनी हजार प्रश्न विचारले होते. जे येत नव्हतं त्याला त्या सरळ म्हणायच्या, उद्या बघून सांगते. आज तेही म्हणता येईना. वाक्य चोरलं याचं त्यांना तितकं वाईट वाटलं नव्हतं. वाक्यं काय, हवेची असतात. पण राबायला येणारा असा पाठवला होता की त्याला तोंड नाही, पोट नाही, गाव नाही. आणि ही पोर मका घेऊन त्याला शोधत होती.

"मी नेऊन ठेवते तिकडे," निल्दाच म्हणाली. "रेंज जिथून येते तिथे. तो तिथूनच येत असणार."

बाईंनी फावडं ठेवलं. पोरीचा पाय बघून म्हणाल्या, "चल, मीही येते."

दोघी हळूहळू कबरस्तानाचा चढ चढल्या. बाई सवयीने नवऱ्याच्या थडग्यापाशी थांबल्या, निल्दा सरळ भिंतीकडे गेली. जिथे बाई शुक्रवारी टॅबलेट मांडायच्या, त्याच जागी तिने फडकं उलटं केलं आणि मक्याचा ढीग हाताने नीट गोल केला.

तिथे आधीचेही ढीग होते. चार-पाच, ओळीने. काही दवाने मऊ पडलेले, काही पाखरांनी टोचून विस्कटलेले. एकाच्या शेजारी उकडलेला बटाटा होता, काळा पडलेला.

"हा तोमासचा," निल्दा म्हणाली. "तो पहिलीतल्या फेलिपाचा. ते पलीकडचे दोन माझे, गेल्या आठवड्यातले."

"कुणी नेलं नाही?"

"नाही. तरी ठेवायचा ना, बाई?"

"ठेवायचा," बाई म्हणाल्या.

वारा सुटला होता. फेलिपाच्या ढिगातले काही दाणे घरंगळून भिंतीखाली गवतात पडले होते. कसिल्दा बाई गुडघ्यावर बसल्या, आणि एकेक दाणा शोधून पुन्हा त्याच ढिगावर ठेवू लागल्या.